कड्यातली पिन

(पहाट. निपाणीजवळचं वर्कशॉप. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर.)

नोव्हेंबर उजाडतो, कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि निपाणी, चिक्कोडी, अथणीकडचे रस्ते उसाचे होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींत मिळून 15-20 टन ऊस. ओलांडून पुढे जाणाऱ्याची नजर उसाच्या उंचीवर जाते. आज आपण खाली वाकून बघू.

ट्रॅक्टरच्या मागे हुक, ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला कडं, आणि दोन्हींतून आरपार गेलेली एक पिन. दोन बोटं जाडीची. सगळा ओढा हिच्यावर.

(पिन जवळून.)

फिटर मामांनी पिन काढली, डिझेलच्या चिंधीने पुसली आणि मधोमध नख फिरवलं. नख अडकलं. वरचा आणि खालचा भाग गुळगुळीत, मध्ये मात्र कंबर पडलेली. कडंही आता गोल राहिलेलं नाही, ओढ्याच्या दिशेने लांबट झालंय.

ड्रायव्हर म्हणाला, "मामा, एवढा सीझन निघंल की."

मामांनी पिन त्याच्याच हातात दिली. "नख लावून बघ बाळा."

पिन एका दिवसात झिजत नाही. गाडी सुटताना एक हिसका, ब्रेक मारला की दुसरा, खड्ड्यात तिसरा. जितकी झीज, तितकी जागा ढिली. जितकी ढिली, तितका पुढचा हिसका मोठा. म्हणून शेवटी शेवटी झीज फार वेगाने होते. त्यात कुणी हुकाला वेल्डिंगचा टाका मारलेला असतो. टाका धरतो, पण त्याच्या शेजारचं तापलेलं लोखंड कडक होतं आणि तिथंच बारीक चीर जाते. ग्रीस आणि धुळीच्या थराखाली ती दिसतच नाही. आधी पुसायचं, मग बघायचं.

मी आठवीत होतो तेव्हा आमच्या गावाबाहेरच्या चढावर एक ट्रॉली सुटली आणि उलटी मागे आली. मागून सायकलवरून येणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एका काकांचा पाय त्यात गेला. नंतर रस्त्यावर जे सापडलं ती पिन नव्हती, साधा बोल्ट होता, मोडलेला. बोल्टाच्या आट्या म्हणजे ताण पडल्यावर चीर सुरू व्हायची ठिकाणं. पिन हरवली म्हणून त्या दिवसापुरता घातलेला तो बोल्ट होता.

(तवंदी घाट. उतार.)

उतारावर धोका वेगळा. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि मागचं वजन त्याला ढकलत राहतं. जोड ढिला असेल तर ट्रॉली बाजूला वळून ट्रॅक्टरलाच आडवं करते. आणि चढावर, ओढायची जागा मागच्या आसापेक्षा उंच असली, तर पुढची चाकं उचलतात. दांडी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या पट्टीलाच लावायची, ती यासाठी.

मग पासिंगला हे बघत नाहीत का? भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला फिटनेस लागतो: पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी. शेतीचा ट्रॅक्टर मात्र बिगर-वाहतूक वर्गातला, त्याची नोंदणीच 15 वर्षांची. ब्रिटनमध्ये मोटारीच्या वार्षिक एमओटी तपासणीत मागचा टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळा असलेला दांडाही बघतात: घट्ट बसलाय का, गंजलाय का, गोळा झिजलाय का. तो गोळा 50 मिलिमीटरचा, आणि त्याच्यामागे बहुतेक एखादी छोटी ट्रेलर. आपल्याकडे त्याच कामाच्या पिनेमागे 15-20 टन. आणि ती झिजते रोजच्या खेपेला. दोन पासिंगांच्या मधल्या शेकडो खेपांना तिला बघणारा ड्रायव्हरच.

(वर्कशॉप. उजाडलंय.)

मामांनी नवी पिन घातली, खालून लॉकची क्लिप अडकवली, ओढून बघितली. जोडीला साखळी लावली, कधी पिन गेलीच तर दांडी जमिनीवर न पडता लटकून राहावी म्हणून. मागच्या ट्रॉलीच्या लाल दिव्याची वायर वळणावर ताणली जाईल एवढी आखूड होती, ती बदलली. वीस मिनिटं गेली. ड्रायव्हरने मुकादमाला फोन लावला, "येतोय ओ, हुकाचं काम करून घेतलंय."

जुनी पिन मामांनी भंगाराच्या डब्यात टाकली नाही, आधी कटरने मधोमध तोडली. पुन्हा कुणाच्या गाडीला ती लागू नये म्हणून.

ट्रॅक्टर सुटला. या वेळी कड्याचा खणखणाट आला नाही.