आगाखान पॅलेस: बागेच्या टोकापर्यंत

(दृश्य: पहाटेचं चिंचवड रेल्वे स्टेशन. लोकल थांबते, माणसं उतरतात.)

९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री मुंबईत गोवालिया टँक मैदानावर गांधीजींचं ‘करेंगे या मरेंगे’ म्हणून झालं होतं. पहाटेच गांधीजींना अटक झाली आणि खास गाडीने त्यांना पुण्याकडे आणलं. पण गाडी पुणे स्टेशनात नेलीच नाही. गर्दी नको, म्हणून चिंचवडलाच त्यांना उतरवलं आणि मोटारीने येरवड्याच्या पुढे एका महालात आणून ठेवलं. पुढचे एकवीस महिने तो महाल तुरुंग होता.

आज तुम्हाला तिथं जायचं असेल तर वाट सोपी आहे. वनाझ ते रामवाडी मेट्रो पकडा, कल्याणीनगरला उतरा, पुढे रिक्षा करा. ही मेट्रो आधी नगर रस्त्यावरून, पॅलेसच्या समोरूनच जायची होती. पण राष्ट्रीय स्मारकाला लागून बांधकामाला मनाई असते, म्हणून मार्ग कल्याणीनगरातून वळवला. या वास्तूसाठी एका अख्ख्या मेट्रोने वळसा घेतला, याचं मला फार बरं वाटतं.

जाण्याआधी वेळा आणि तिकीट तेवढं बघून घ्या. स्मारक पुरातत्त्व खात्याकडे आहे. सकाळी जा. दुपारी शाळांच्या सहलींच्या बस लागल्या की आतल्या खोल्यांत उभं राहायला जागा नसते. आणि निदान दोन तास हाताशी ठेवा. का, ते पुढे सांगते.

(दृश्य: कमानींची ओळ, हिरवळ, लांबच लांब व्हरांडा.)

सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी १८९२ साली हा महाल बांधला. दुष्काळात आसपासच्या गावांतल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधकाम काढलं, असं सांगतात. इटालियन धाटणीच्या कमानी, चहूबाजूंनी व्हरांडा, आणि एकोणीस एकरांचं आवार. फोटोला इतकी चांगली जागा की बहुतेकांची भेट इथंच संपते. कमानीत उभं राहून दोन फोटो, आत एक फेरी, आणि परत रिक्षा. माझं एवढंच म्हणणं आहे की असं करू नका. इथलं खरं ठिकाण मागे, बागेच्या टोकाला आहे.

पण आधी खोल्या. इथं गांधीजींबरोबर सरोजिनी नायडू होत्या, त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेन होत्या, महादेवभाई देसाई होते. ११ ऑगस्टला कस्तुरबा आल्या, सोबत डॉ. सुशीला नय्यर. नंतर सुशीलाबेनचे भाऊ आणि गांधीजींचे सहायक प्यारेलालही आले. महादेवभाई म्हणजे गांधीजींची पंचवीस वर्षांची सावली. सेक्रेटरी म्हणा, लेखनिक म्हणा, मुलगा म्हणा. इथं येऊन सहा दिवस झाले आणि १५ ऑगस्टच्या सकाळी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय पन्नास. गांधीजी ‘महादेव, महादेव’ अशा हाका मारत राहिले. देहाला स्नान त्यांनीच घातलं, आणि अंत्यसंस्कार याच आवारात झाले. पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला.

(दृश्य: बागेतली पायवाट. कॅमेरा माणसाच्या चालीने पुढे जातो.)

त्यानंतर गांधीजी रोज या वाटेने त्या जागेपर्यंत जायचे. हातात फुलं, सोबत मंडळी, आणि तिथं गीतेच्या बाराव्या अध्यायाचा पाठ. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचा उपास केला. डॉ. बिधानचंद्र रॉय कलकत्त्याहून आले. सरकार सोडायला तयार नव्हतं, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले. त्यांतले एक आपल्या यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. या उपासातून गांधीजी वाचणार नाहीत असं सरकारने धरलंच होतं. चितेसाठी चंदनही आणून ठेवलं होतं.

ते चंदन वर्षभर तसंच पडून राहिलं.

कस्तुरबांचे इथले दिवस मला सगळ्यात जवळचे वाटतात. सत्तरी ओलांडलेली ही बाई कैदेत कॅरम खेळायला लागली आणि त्यात रमली. गांधीजी त्यांना गुजराती आणि भूगोल शिकवायला बसायचे. व्हरांड्यात उभं राहिलं की मला तो कॅरमबोर्डच डोळ्यासमोर येतो. पुढे त्यांचं हृदय थकत गेलं, त्यात न्यूमोनिया. कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलं, तेव्हा ते नवलाईचं औषध होतं. देवदास गांधींचा आग्रह होता. पण दर काही तासांनी सुया टोचायच्या हे ऐकल्यावर, आता तिला आणखी त्रास नको, असं गांधीजींनी मुलाला सांगितलं. २२ फेब्रुवारी १९४४ च्या संध्याकाळी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली. चितेला चंदन कुठून आणायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितलं, आपल्याकडे आहे. तेच ते. नवऱ्यासाठी आणलेलं चंदन बायकोच्या चितेला लागलं. चिता शांत होईपर्यंत गांधीजी तिथून हलले नाहीत.

(दृश्य: पांढऱ्या संगमरवरी दोन समाध्या. पानांची सावली दगडावर हलते. इथं वीस सेकंद निवेदन नाही.)

शेजारी शेजारी आहेत, महादेवभाई आणि कस्तुरबा. गांधीजींच्या अस्थींचा काही भागही इथंच आहे. चपला काढा. फोन पिशवीत टाका. मुलं सोबत असतील तर त्यांना इथंच बसवून ही चंदनाची गोष्ट सांगा, आत काचेमागच्या फोटोंपुढे सांगू नका. महालाकडे पाठ करून बसलात तर नगर रस्त्याचे हॉर्न ऐकू येतात खरे, पण ते लांबून.

१९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथे आगाखान प्रिन्स करीम यांनी ही सगळी वास्तू भारताला देऊन टाकली. म्हणून आज आपण आत येऊ शकतो.

(दृश्य: फाटक, आतल्या बाजूने.)

६ मे १९४४, सकाळी आठ. सुटकेची वेळ. बाहेर मोटार उभी होती. निघण्याआधी गांधीजी पुन्हा एकदा बागेतल्या त्याच वाटेने गेले, दोन्ही समाध्यांवर फुलं वाहिली, प्रार्थना केली. मग फाटकाकडे वळले.