अळीचा नैवेद्य

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. आजचा विषय उत्क्रांती आणि देवधर्म. ऐकूनच काहींनी रेडिओचा कान पिळला असेल. थांबा जरा, मी कपाशीचंच सांगणार आहे.

२०१७ साल आठवा. गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली ते साल. तीही बीटी कपाशी, म्हणजे जिच्या झाडातच अळी मारणारं विष तयार होतं ती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी अन् किडकी सरकी. आमच्या गावात तेव्हा सप्ताह बसला होता. कीर्तनात दशावतार रंगला, मग पंगत. पंगत म्हणजे रोडगे अन् वांग्याची भाजी, तीही मांडी घालून. हल्ली ताट धरून उभ्यानं जेवतात, त्याला मी पंगत म्हणत नाही. असो.

कृषी कॉलेजात शिकणारा माझा भाचा म्हणाला, "दशावतार म्हणजे उत्क्रांतीच. आधी मासा, मग कासव." एक आजोबा तडकले, "म्हंजे आमचे पूर्वज माकडं काय बे?" झालं, जुंपली. आमची मोठी माय भाजी वाढत होती. ती थांबली. "माकडाचं राहू द्या. बीटीनं अळी मरत होती ना? मंग यंदा काऊन नाई मेली? तिनं अवतार घेतला का?"

सगळे गप्प.

भाचा म्हणाला, "अवतार नाही गं. एखाद-दुसरी अळी जन्मतःच ते विष पचवणारी निघते. बाकीच्या मेल्या, ती वाचली. तिचीच पिल्लं वाढली."

पुन्हा सांगतो. अळी काही शिकली नाही, तिनं ठरवलंही नाही. मरणाऱ्या मेल्या, वाचणाऱ्यांचा वंश वाढला. डार्विननं १८५९ साली पुस्तकात मांडलं ते हेच. बीटी आलं २००२ मध्ये; पंधरा वर्षांत आपल्या वावरात तेच घडलं. त्यात फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून, आपण अळीचं जेवण लांबवलं. त्यावर बोललो तर तुम्ही नक्कीच रेडिओ बंद कराल.

मग भाच्यानं तेव्हा बियाण्याच्या थैलीत येणाऱ्या १२० ग्रॅमच्या वेगळ्या पाकिटाचं सांगितलं. बिगर-बीटी सरकी. ती कडेनं लावायची. तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांची विष पचवणाऱ्यांशी जोडी जमते, अन् होणारी पिल्लं बीटीवर मरतात. आपण ते पाकीट धुऱ्यावर फेकत होतो.

मोठी माय म्हणाली, "म्हंजे अळीचा नैवेद्य!"

भाच्याचं एक मात्र मला पटलं नाही. अवतार देव ठरवून घेतो. अळीच्या गोष्टीत ठरवणारं कुणीच नाही. दशावताराला डार्विनची पावती हवी कशाला? डार्विन तर पाद्री व्हायचं म्हणून केंब्रिजात शिकलेला. पुढे तो स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळत नाही असं मानणारा, म्हणवू लागला, तरी १८७९ च्या एका पत्रात त्यानं लिहिलं, की माणूस कट्टर आस्तिक असूनही उत्क्रांती मानू शकतो, यात शंका घेणंच हास्यास्पद.

पुढच्या मृगाला मोठ्या मायनं थैलीला हळदीकुंकू लावलं, अन् छोटं पाकीट कडेच्या तासांत स्वतः टोबलं. शेजारच्या वावरातून कुणीतरी ओरडलं, "मोठी माय, अळीले नैवेद्य? कोन्त्या पोथीत हाये हे?"

"थैलीवरच लिवलं हाये. वाच ना बापा."