धुराच्या मशीनच्या पोटात

[उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. सकाळ. शटर वर जातं. बाकावर अ‍ॅल्युमिनियमचा काळपट ठोकळा.]

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत धुराच्या मशीनमधल्या या ठोकळ्यानं आमचा घात केला. नाटकाचा दुसरा अंक, स्वप्नाचा प्रवेश. रंगमंचावर धुकं पसरायचं आणि त्यातून आई चालत यायची. मी विंगेत होतो. बटण दाबलं, पंप घरघरला आणि नळीच्या तोंडातून धुक्याऐवजी कोमट पाण्याचे थेंब टपटपले. आई कोऱ्या प्रकाशातून तशीच चालत आली. त्या मुलीनं दोन महिने तालीम केली होती.

मशीन जेमतेम दोन जत्रांचं. ते घेऊन मी इथं आलो, कारण ओतकाम आणि मशीनिंग जाणणारे हात बघायचे तर आमच्या भागात उद्यमबागच.

"कापूनच बघूया की," वर्कशॉपवाले काका म्हणाले.

[हॅकसॉचा आवाज. ठोकळ्याचे दोन भाग. कॅमेरा जवळ.]

ठोकळ्यात दोन नळ्या ओतलेल्या असतात. एक पोकळ. तिच्यातून ग्लायकॉल किंवा ग्लिसरिन आणि पाण्याचं मिश्रण जातं, तापून त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत त्या वाफेचे बारीक थेंब होतात. आपण धूर म्हणतो तो खरं म्हणजे हवेत तरंगणाऱ्या थेंबांचा ढग. त्यात जळालेलं काही नसतं, नसायलाच हवं. मिश्रण फार तापलं तर ग्लिसरिन करपतं आणि डोळ्यांत झोंबणारा उग्र वास सुटतो.

दुसरी नळी हीटरची. ही नीट बघा. बाहेर स्टील, आत खडूसारखी पांढरी भुकटी आणि भुकटीच्या मधोमध निक्रोमच्या तारेचं वेटोळं. भुकटी मॅग्नेशियम ऑक्साइडची. वीज अडवते, उष्णता मात्र पुढं जाऊ देते. निक्रोम म्हणजे साधारण 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम. अमेरिकेत अल्बर्ट मार्शला त्याचं पेटंट 1906 साली मिळालं. लालभडक झाली तरी ही तार सहसा जळत नाही, कारण तिच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर चढतो आणि हवेला आत शिरू देत नाही.

मग ही का तुटली? तुटलेल्या टोकाला वितळून गोळा झालेला बारीक मणी दिसतो. बाजारात लोक म्हणतात, तार हलकी होती. काकांनी तारेकडं बघितलंच नाही. त्यांनी फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांमधली, सर्वांत पातळ पट्टी काढली, पाच शतांश मिलिमीटरची, आणि हीटरची नळी व अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये सरकवली. पट्टी आत गेली.

सगळं दुखणं त्या फटीत आहे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलपेक्षा जास्त पसरतं. ओतलेला ठोकळा गार होताना नळीला घट्ट आवळतो, पण तापला की पकड सैल सोडतो. शंभरदा तापला, शंभरदा गार झाला, त्यात ओतकाम कच्चं असलं, की फट पडते. फटीतली हवा उष्णता अडवते. ठोकळा गारच राहतो. तापमान बघून वीज चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट ठोकळ्यावर बसवलेला, त्याला वाटतं अजून तापायचंय. तो वीज चालू ठेवतो आणि आत तार लाल होत होत एका जागी वितळते. बाहेर मिश्रणाची वाफ होत नाही, नुसतं टपटपतं. आमच्या नाटकात हेच झालं.

[साचा. भट्टी. हातमोजे घालणारे हात.]

नवा हीटर करताना म्हणून काकांनी आधी लांबीचा हिशेब मांडला. 1000 वॅटचा हीटर, 8 मिलिमीटर जाडीची नळी. अर्धा मीटर घेतली तर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 8 वॅट पडतात, एक मीटर घेतली तर 4. ठोकळा थोडा मोठा होतो, पण नळीच्या कातडीवरचा भार निम्मा होतो. नळी सरळ न ठेवता वळवून घेतली. वळणात धातू अडकून बसतो, सुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमही साधं घेतलं नाही, 10 ते 13 टक्के सिलिकॉनचं, कारण ते कमी पसरतं. ओतण्याआधी नळ्या शेकल्या. गार, दमट नळीवर धातू ओतला की ब्लोहोल, म्हणजे धातूत हवेची पोकळी, पडतं आणि ते ब्लोहोल म्हणजे जन्मतःच फट.

थर्मोस्टॅट हीटरच्या अगदी लगत आणला. शिवाय एक थर्मल फ्यूज. थर्मोस्टॅट चिकटून बसला तर हा फ्यूज उडतो आणि तार वाचते. मला वाटतं, दोन अंकी रुपयांच्या या फ्यूजवर काटकसर करणाऱ्यानं यंत्र विकूच नये.

जत्रेतल्या विजेचाही विचार करावा लागतो. 230 व्होल्टला 1000 वॅट देणारा हीटर जनरेटर चढून 250 झाला की सुमारे 1180 वॅट ओढतो.

आणि आपला पाऊस. खानापूरकडं पावसाळ्यात माळ्यावरची पापडाची पिशवीसुद्धा सादळते, तिथं ही पांढरी भुकटी हवेतला ओलावा पिणारच. चार महिन्यांनी मशीन लावलं की बॉडीला करंट येतो, नाहीतर ट्रिप पडते. म्हणून नळीची तोंडं सिलिकॉनच्या रबरी लेपानं बंद केली. तारेला जोडलेल्या जाड पिना नळीत लांबवर आत घेतल्या, म्हणजे तोंडाकडचा भाग तापत नाही आणि लेप टिकतो.

[विजेची गळती तपासणाऱ्या मेगरचा काटा. काका वाकून बघतात.]

"चांगलं दाखवतंय. तरी मृगानंतर एकदा आणून दाखवा," काका म्हणाले. मिश्रणात बोअरचं पाणी घालायचं नाही, क्षार नळीत बसतात, हेही त्यांनी दोनदा बजावलं.

[रात्र. गावचा रंगमंच. रिकाम्या खुर्च्या, तालीम चालू.]

मशीन तापायला सहा मिनिटं लागली. मग नळीच्या तोंडातून धुकं आलं, फळ्यांवरून सरपटत पुढं गेलं, आणि ती मुलगी त्यातून चालत आली.