कॅमेरा नको, आधी बघायचा डबा घ्या

नमस्कार मंडळी! लहानपणी व्ह्यूमास्टर डोळ्याला लावून खटका दाबायचो, आठवतंय ना? त्या गोल चकतीवर फोटो असायचे 14 आणि दिसायची दृश्यं 7च, कारण प्रत्येकाचे दोन, एक डाव्या डोळ्याला, एक उजव्या. दोन्ही मिळून चित्राला खोली येते, थ्रीडी दिसतं. स्टिरिओ फोटो म्हणजे एवढंच हो.

आता हा छंद लागला की लोक पहिलं विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ? मी म्हणते कुठलाच नको. दोन लेन्सचा फुजीचा डब्ल्यू थ्री 2010 मध्ये आला होता, मस्त होता, पण केव्हाच बंद झाला, आता सेकंडहँड शोधत फिरा. मोबाईल आहे ना खिशात? पाय थोडे फाकवून उभं राहायचं, भार डाव्या पायावर, एक फोटो, मग भार उजव्यावर, दुसरा फोटो, झालं. मोबाईल साधारण साडेसहा सेंटीमीटर सरकायला हवा, माणसाच्या दोन डोळ्यांत तेवढंच अंतर असतं, पण सरकवायचा बरं का, वळवायचा नाही, सगळे इथंच गंडतात. जवळचं काही असेल तर अंतराचा तिसावा भाग धरायचा, म्हणजे 60 सेंटीमीटरवरच्या जास्वंदीला फक्त 2 सेंटीमीटर. त्यासाठी मी घरातला पाट घेतला, त्यावर फूटपट्टी चिकटवली आणि स्टँड तिला टेकवून सरकवते, स्लाइडरचे पैसे वाचले. फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, लॉक करा, दोन्ही फोटो सारखे यायला हवेत. आणि हलणारं काही नको, माझ्या पहिल्या फोटोत मांजरीला दोन शेपट्या आल्यात!

खर्च करायचाच तर बघायच्या वस्तूवर करा, कारण काढलेलं नीट दिसलंच नाही तर छंद आठवड्यात मरतो. लाल-निळा चष्मा स्वस्त पडतो पण रंगांची वाट लागते. त्यापेक्षा मोबाईल आत ठेवायचा पुठ्ठ्याचा व्हीआर डबा बरा, दोन भिंगं असतात त्यात. फोटो वरखाली झाले असतील तर स्टिरिओ फोटो मेकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर टाका, ते जुळवून देतं.

आणि हो, कायम डावा फोटो आधी काढायची सवय लावून घ्या. नंतर अदलाबदल झाली ना, तर मागची भिंत पुढे येते आणि आजोबा तिच्या मागे जाऊन बसतात.