बल्ब वीज ‘खातो’ का?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

केंद्रप्रमुख साहेब आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, मला विषय दिलाय ‘अध्यापनासाठी उपयुक्त डिजिटल साधनं’. यादी मी देणार नाही. ती ग्रुपवर दर आठवड्याला येते, आपण अंगठा देतो आणि ती वर सरकून जाते.

मी सांगणार आहे एका अडलेल्या तासाबद्दल. विद्युत परिपथ शिकवून झाला होता. सेल, तार, कळ, बल्ब. आकृती सगळ्यांना येत होती. सहज विचारलं, बल्बमध्ये शिरताना जेवढी विद्युतधारा असते, तेवढीच बाहेर पडताना असेल का? जवळजवळ अख्खा वर्ग म्हणाला, ‘कमी असेल सर. बल्ब थोडी खातो ना!’

पोरांचं काय चुकलं? घरी आपण हेच बोलतो, ‘जुना पंखा लाइट फार खातो’. आणि खाल्लं की ताटातलं कमी होणारच. बल्बमध्ये ऊर्जेचं रूपांतर होतं, प्रकाश आणि उष्णता मिळते. धारा मात्र आत जाते तेवढीच बाहेर येते. हे मी फळ्यावर लिहिलं, त्यांनी वहीत उतरवलं, आणि पुन्हा विचारल्यावर उत्तर तेच. खातो.

मग रात्री शोधायला बसलो. धड्याचं नाव टाकलं तर स्वाध्यायाची उत्तरं आली, आणि पुस्तकातलं पान वाचून दाखवणारे व्हिडिओ आले. पान तर मीही वाचून दाखवतो! शेवटी धड्याचं नाव सोडून मुलांची चूकच शोधायला घातली, तीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तेव्हा ‘फेट’ सापडलं. पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा उपक्रम. भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. मोफत आहे, आणि त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत.

त्यात पडद्यावर सेल-बल्ब जोडायचे. तारेतून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकताना दिसतात. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे त्यांचा वेग सारखाच. धारा मोजणारा अॅमीटर दोन्हीकडे लावला की आकडाही तोच. मी काहीच बोललो नाही. एक मुलगी उठून पडद्याजवळ गेली, बोटाने ठिपके मोजू लागली. परत येताना म्हणाली, ‘मग खातो काय तो?’ इतके दिवस हा प्रश्न मी विचारत होतो, आता तो तिचा झाला होता.

सावध मात्र राहावं लागतं. खरे इलेक्ट्रॉन असे निळे नसतात, आणि तारेत ते पुढे सरकतात तेही मुंगीला लाजवेल इतक्या सावकाश. पडद्यावर ते ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात, पुस्तकातला धारेचा बाण नेमका उलटा. हे आधी सांगितलं नाही तर एक गैरसमज काढून दुसरा बसवल्यासारखं होतं. म्हणून माझ्या वर्गात आधी खरा सेल आणि खरी तार, मग पडदा.

साधन निवडताना माझा पहिला प्रश्न एकच, रेंज गेली तर चालतं का? फेटच्या प्रयोगाची फाइल उतरवून ठेवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. आमच्याकडे पावसाळ्यात याला सोन्याची किंमत आहे. प्रत्येक मुलाचा मोबाइल नंबर मागणारं अॅप मी तिथेच बंद करतो, कितीही छान असलं तरी.

भाषेच्या तासाचं थोडक्यात सांगतो. प्रथम बुक्स या प्रकाशनाचं ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. गोष्टी मराठीतही आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या, आणि खुल्या परवान्यामुळे छापून वाटता येतात. कुणाच्या वर्गात घरी वेगळी बोली बोलणारी मुलं असतील तर तीच गोष्ट त्यांच्या बोलीत करून घ्या; परवाना त्यालाही आड येत नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी आहेत, ती बहुतेकांना ठाऊक आहेत. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अॅपवरचं साहित्य असतं. काही उत्तम, काही नुसतंच पान वाचणारं. आधी स्वतः पूर्ण पाहा; पहिलं मिनिट पाहून वर्गात लावलेल्या व्हिडिओने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय.

आता मुद्दाम शेवटी ठेवलेली गोष्ट. टेबलावर एक सेल आहे आणि टॉर्चचे दोन सारखे बल्ब. हल्ली सगळीकडे एलईडी, त्यामुळे हे मिळवायला तीन दुकानं हिंडलो. दोन्ही बल्ब एकापुढे एक, एकाच तारेत जोडणार आहे. कळ दाबायच्या आधी प्रत्येकाने कागदावर लिहा, पहिला जास्त उजळेल, दुसरा, की दोन्ही सारखे? शेजारच्याचं बघायचं नाही. मॅडम, तुम्हीसुद्धा!