किती सांगावे आणि कोणाला

या सभागृहात आज वकील, डॉक्टर, परिचारिका आणि वार्ताहर एकत्र बसले आहेत, म्हणून मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याचा सगळा विस्तार बाजूला ठेवून मी एकच प्रश्न घेतो. तीव्र मानसिक संकटात सापडलेल्या माणसाला स्वतःविषयीची कोणती गोष्ट उघड व्हावी हे त्या घटकेला ठरवता येत नाही. मग ते कोणी आणि कोणत्या मर्यादेत ठरवायचे? आपल्या नागपुरात 1864 पासून मनोरुग्णालय आहे, पण हा प्रश्न त्याच्या फाटकाच्या पुष्कळ आधी, पोलीस ठाण्यात आणि अपघात विभागात उभा राहतो.

सीताबर्डीच्या गर्दीत कोणी भरकटलेल्या अवस्थेत आढळला आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे दिसले, तर कलम 100 नुसार ठाणे अंमलदाराने त्याला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, आणि कोठडीत मुळीच ठेवायचे नाही. कलम 94 तातडीच्या उपचाराला साधारणपणे 72 तासांची मुदत देते. वेळेची बंधने अशी स्पष्ट आहेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही कलम 23 मध्ये तितकेच स्पष्ट आहे, मात्र ते फारसे वाचले जात नाही.

समजा, मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, अपघात विभागात एखादा रुग्ण डॉक्टरांना सांगतो की, घरी गेल्यावर मी भावाला सोडणार नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गोपनीयतेला अपवाद आहे, आणि भावाला व पोलिसांना सावध करणे हे डॉक्टरांचे नैतिक कर्तव्यही आहे असे मी मानतो. परंतु तो अपवाद ओळखलेल्या धोक्यापासून बचाव होण्यापुरताच आहे. धमकी सांगावी; रुग्णाचे निदान, त्याचे व्यसन, त्याच्या संसारातले दुःख सांगण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मात्र एक तर भीतीपोटी मौन पाळले जाते, नाही तर केसपेपरची संपूर्ण प्रत देऊन टाकली जाते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट निराळी: पोक्सो कायद्याच्या कलम 19 खाली ती कळवावीच लागते, तिथे डॉक्टरांना निवड नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तीबाबत हा गोंधळ सर्वांत अधिक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 असे गृहीत धरते की ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम 309 उरलेलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते संहितेचे कलम 226 आहे. तरीही खाटेशेजारी जबाब घेतला जातो आणि दुसऱ्या दिवशी नाव, मोहल्ला, छायाचित्र छापून येते. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याची माहिती वा छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 24 मनाई करते. मेयो या नागपुरातल्या दुसऱ्या सरकारी रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डातल्या रुग्णाला हे संरक्षण लागू आहे का, असा युक्तिवाद कोणी करील. माझे मत असे की, कायदा ज्याचा ताण स्वतःच गृहीत धरतो, त्याला केवळ वॉर्ड वेगळा म्हणून उघड्यावर सोडणे त्या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे.

वार्ताहर मित्रांना मी गप्प राहा असे सांगत नाही. विदर्भातील शेतकऱ्यांचे मृत्यू वृत्तपत्रांनी लावून धरले नसते, तर कर्ज, नापिकी आणि सावकारी यांची चर्चा गावाच्या वेशीपलीकडे गेली नसती. सार्वजनिक हित आहे ते या कारणांत. मृत्यूची पद्धत, शेवटच्या चिठ्ठीचे छायाचित्र, किंवा ठाण्यात मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल होण्याआधीच विधवेपुढे धरलेला कॅमेरा यांत ते नाही. व्हिएन्नात 1987 मध्ये वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेतील आत्महत्यांच्या बातम्यांचा सूर बदलला, आणि त्यानंतर तिथल्या अशा घटना ठळकपणे घटल्या. भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये अशाच सूचना स्वीकारल्या: ठळक जागा नको, पद्धतीचे वर्णन नको. त्याबरोबर मदतीचा क्रमांकही द्यावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक बातमीखाली दोन ओळींत मावतो.

रुग्णालयांकडे माझी मागणी एका नोंदीची आहे. रुग्णाची माहिती बाहेर जाईल तेव्हा ती कोणाला दिली, नेमकी कोणती दिली, कायद्याच्या कोणत्या अपवादाखाली आणि कोणाच्या सहीने, हे केसपेपरवर त्याच दिवशी लिहिले जावे. पुढे रुग्ण बरा होऊन याच कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढे वा न्यायालयात दाद मागेल, तेव्हा त्याच्या वकिलाच्या हाती हाच कागद असेल.