पाणमांजराची घसरण

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात बसून फरच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे जरा गंमतच. मे महिन्यात पारा ४४ अंशांकडे निघाला की आपल्याला अंगातला शर्टही नकोसा होतो. आपली थंडी काय ती डिसेंबर-जानेवारीतली, आणि ती एका घोंगडीवर भागते. पण अंगावर उत्तम फर असलेलं एक जनावर आपल्या भीमेच्या पाण्यात राहतं, ते म्हणजे पाणमांजर. उदमांजर नव्हे बरं का. ते वेगळं, झाडांवर आणि घरांच्या आढ्यांवर फिरणारं.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं होतं, म्हणजे वापरायचं पाणी संपून नुसतं तळाचं उरलं होतं. करमाळ्याच्या बाजूला पाणी मागे हटून लांबवर गाळ उघडा पडलेला. मासेमारी करणाऱ्या एका आजोबांबरोबर मी पहाटे काठानं निघालो. पाणमांजर दिसलं नाहीच. पण आजोबा एका खडकापाशी थांबले आणि म्हणाले, “वास घ्या.” खडकावर काळपट विष्ठा होती. काडीनं उकलली तर आत नुसते माशांचे खवले आणि काटे. “रोज हितंच येतंय. ह्यांचा संडास ठरलेला असतोय.” पुढं चिखलात पाच बोटांचं पाऊल, बोटांच्या मध्ये पडद्याची पुसट खूण. वाळूत लोळून अंग पुसल्याची जागा. आणि गवत दबून गुळगुळीत झालेली एक घसरण, थेट पाण्यात उतरलेली.

आजोबांनी घसरणीच्या तळाशी काठी टेकवली. “मांडणारा हितं मांडतो.”

एवढंच बोलले ते, पण सगळी विद्या त्यात आली. लोखंडी सापळा म्हणजे दोन जबडे, एक स्प्रिंग आणि मध्ये ताटली. ताटलीवर पाय पडला की जबडे मिटतात. हे कुणीही करेल. तो कुठं ठेवायचा, हे मात्र जनावराची सवय माहीत असणाऱ्यालाच कळतं. उत्तर अमेरिकेत बीव्हर, म्हणजे तिकडचं पाण्यात राहणारं, दाट फरचं कुरतडणारं जनावर, आणि पाणमांजर यांच्यासाठी अशाच घसरणीपाशी, वीतभर पाण्याखाली सापळा लावतात. त्याला तार बांधून तिचं दुसरं टोक खोल पाण्यात अडकवतात. तारेवरची कडी एकाच दिशेनं सरकते. पाय अडकला की जनावर सवयीनं खोल पाण्याकडे झेप घेतं, कडी सरकते आणि परत वर येत नाही. पाण्यात जन्म काढणारं जनावर पाण्यातच बुडून मरतं, आणि कातडीला भोकही पडत नाही. असल्या कातड्यांवर तिकडे मोठमोठे व्यापार उभे राहिले. हडसन्स बे कंपनीला सनद मिळाली ती १६७० साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याही चार वर्षं आधी, आणि तिचा मुख्य माल होता बीव्हरची कातडी.

पाणमांजराच्या कातड्याला एवढा भाव का? सीलसारखा चरबीचा जाड थर त्याच्या अंगावर नसतो. वर राठ केस, खाली दाट मऊ लव. त्या लवेत हवा अडकून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. त्याचा हाच रेनकोट माणसाला हवा असतो. २००३ साली तिबेटमध्ये एकाच जप्तीत वाघांची ३१, बिबट्यांची ५८१ आणि पाणमांजरांची ७७८ कातडी सापडली. आपण वाचतो वाघाचंच. तिथल्या पारंपरिक झग्यांना अशा कातड्यांची किनार लावायची हौस होती. २००६च्या जानेवारीत आंध्रातल्या अमरावतीत दलाई लामांनी ती सोडा म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर लोकांनी आपली कातडी बाहेर काढून जाळली.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ शब्दाच्या व्याख्येतच फास लावणं, सापळा लावणं, जिवंत पकडणं हे सगळं येतं. जनावर मेलं नाही, ही पळवाट तिथं चालत नाही.

आणि फर म्हणजे फक्त कोट असंही नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला माझ्याकडे एक ब्रश होता, एकाच केसावर गडद आणि फिकट पट्टे असलेला. फार जपायचो त्याला. ते मुंगसाचे केस होते हे पुढं कळलं. किलोभर केसांसाठी पन्नासेक मुंगसं मारावी लागतात. आज नायलॉनचा ब्रश कुठल्याही दुकानात मिळतो, रंगही चांगला धरतो.

आजोबांचा राग मात्र मी खोटा म्हणणार नाही. पाणमांजर जाळ्यातला मासा ओढतं, जाळं फाडतं आणि शिवायचं काम आजोबांच्या म्हातारीवर पडतं. बांगलादेशात काही मासेमार पाळलेल्या पाणमांजरांकडून मासे जाळ्याकडे हाकून घेतात, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले. “आमची नाय ऐकायची. हिकडची हायत ती.”

जाताना मी त्या घसरणीसमोर एका खुंटाला कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. “ह्याला काय म्हणत्यात?” आजोबांनी विचारलं. म्हटलं, कॅमेरा ट्रॅप. “म्हंजी सापळाच की,” ते म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी खुंट दोन बोटं डावीकडे सरकवला.

तिसऱ्या रात्रीच्या फोटोत एक चपटी शेपटी आली, अर्धी. मागं घसरण ओली होती.